टेलच्या खोलीला रेंज

प्रवरेच्या कालव्याखाली वाढलेल्या माणसाला दोन इंग्रजी शब्द शाळेत जाण्याआधीच कळतात. एक 'हेड' आणि दुसरा 'टेल'. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या-उजव्या कालव्यांनी या भागाचे रूप पालटले. ऊस आला, कारखाने आले, बाजारपेठा वाढल्या. पण त्याबरोबर एक नवी उतरंडही आली. चारीच्या तोंडाशी ज्याचे रान तो हेडवाला आणि चारी जिथे संपते तिथे टेलवाला. आवर्तन सुटले की हेडवाल्याच्या सऱ्या तुडुंब भरतात आणि टेलवाला रात्री बॅटरी घेऊन चारीच्या कडेने पाण्याची वाट पाहत बसतो. धरण भरलेले असते, कालवा वाहत असतो, सरकारदप्तरी दोघांचेही रान 'ओलिताखाली' असते. फक्त एकाच्या पिकाला पाणी मिळते आणि दुसऱ्याच्या पिकाला मिळत नाही.

आज हे आठवण्याचे कारण शेतीतले नाही, घरातले आहे. आमच्या बेलापुरात, म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापुरात, आता बऱ्याच घरांत फायबरची बारीक तार आली आहे. (हा खुलासा करावा लागतो, कारण बेलापूर म्हटले की परगावच्या माणसाच्या डोळ्यांसमोर आधी नवी मुंबई येते.) तारेच्या टोकाला वाय-फायचा डबा बसतो, त्यावर हिरवे दिवे लुकलुकतात आणि घर 'ऑनलाइन' झाले असे आपण म्हणतो. पण त्या घरात थोडे फिरून पाहावे. बैठकीच्या खोलीत क्रिकेटचा सामना काचेसारखा स्वच्छ दिसतो. माजघरात चित्र अडखळते. स्वयंपाकघरात गोल चक्र फिरू लागते. आणि सर्वांत मागच्या खोलीत, जिथे घरातली मुलगी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असते, तिथे काहीच पोचत नाही. घर ओलिताखाली आहे, पण मागची खोली टेलला आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : घरातल्या वाय-फायची व्यवस्था टेलकडून सुरू करावी. आधी शेवटच्या खोलीतल्या माणसाचा विचार करावा आणि मग डबा कुठे ठेवायचा, तार कुठून न्यायची, पैसे किती घालायचे हे ठरवावे. असे केले तर बहुतेक घरांत हे काम फुकटात किंवा काही शे रुपयांत होते. तसे केले नाही, तर हजारो रुपये घालूनही मागची खोली कोरडीच राहते.

गाडी थांबते कुठे

जोडणी गावात येणे आणि आपल्या दारात येणे यांतला फरक बेलापूरकरांना कोणी शिकवायला नको. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला. गाव प्रवरेच्या काठी आणि रूळ सहा-सात किलोमीटर अंतरावरून गेले. स्टेशनला नाव बेलापूरचे मिळाले. कित्येक पिढ्या तिथे उतरणाऱ्या प्रवाशाने फलाटावर 'बेलापूर' हीच पाटी वाचली. पण पाटीवर नाव असले म्हणजे गाडी दारात येते असे नाही. स्टेशनाभोवती पेढ्या, वखारी, बाजार, दवाखाने वाढत गेले, त्याचे श्रीरामपूर शहर झाले, आणि तालुक्याचे ठिकाणही तेच झाले. मूळ गाव होते तिथेच राहिले. गाडी कुठे थांबते यावर कोणाची भरभराट व्हायची हे ठरते.

घरातल्या डब्याचेही असेच असते. तार जोडायला माणूस येतो, तेव्हा त्याला दिवसभरात आणखी बरीच घरे उरकायची असतात. रस्त्यावरच्या खांबापासून सर्वांत जवळची खिडकी कोणती ते तो पाहतो. तिथे भोक पाडतो, शेजारच्या बोर्डात प्लग लावतो आणि सही घेऊन निघून जातो. त्याचे काम त्याने चोख केलेले असते. त्या दहा मिनिटांत घरातले कोणीही 'मागच्या खोलीत रेंज जाईल का?' असे विचारत नाही. मग डबा टीव्हीच्या मागे, शोकेसच्या तळकप्प्यात, ट्रॉफ्या आणि गणपतीच्या मूर्तीमागे कायमचा जाऊन बसतो. घराच्या नकाशावर ती जागा एका टोकाची असते. अर्धी रेंज रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला मिळते.

म्हणून पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय हाच, की तार जोडण्याच्या दिवशी घरातल्या जाणत्या माणसाने समोर उभे राहावे. फायबरची तार आणखी दहा मीटर आत आणायला त्या वेळी फारसे काही लागत नाही. घराच्या मधल्या जागी, म्हणजे जिन्याच्या तोंडाशी, माजघराच्या दारावर किंवा पडवीच्या वरच्या अंगाला डबा बसवून घ्यावा. एकदा तार कापून बसवली, की मग हलवण्यासाठी पुन्हा माणूस बोलवा, पुन्हा जोड द्या, पुन्हा पैसे मोजा, असे चक्र सुरू होते.

भिंतींचा हिशेब

रेंज का अडते हे समजले, तर पुढचे निम्मे उपाय आपोआप सुचतात. वाय-फाय म्हणजे साधी रेडिओ लहर. माझ्या पिढीच्या लहानपणी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून परवाना काढावा लागे. आज घरोघरी एक छोटेसे प्रक्षेपण केंद्र चालते आणि त्याला परवाना लागत नाही, कारण २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्या देशात २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये. नवे बहुतेक डबे या दोन्ही पट्ट्यांवर बोलतात. दोघांचा स्वभाव मात्र वेगळा आहे. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंत आली की लवकर दमतो. २.४ चा पट्टा सावकाश, पण भिंतींतून अधिक दूर जातो. जवळच्या खोलीत ५, लांबच्या खोलीत २.४, हे सूत्र लक्षात ठेवावे.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्यात रेडिओ लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. लहर भिंतीतून जाते हे खरे, पण प्रत्येक भिंत आपला जकात-नाका लावतेच. विटेची साधी भिंत थोडे घेते. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या रुंद भिंती पुष्कळ घेतात, आणि पावसाळ्यात ओल आली की त्याहून जास्त, कारण पाणी या लहरी शोषते. नव्या बंगल्यांच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळया वरच्या मजल्याचा वाटा कापतात. आणि धातूचा पत्रा तर लहर सरळ माघारी पाठवतो. लोखंडी कपाट, फ्रीज, मोठा आरसा, स्टीलच्या भांड्यांनी भरलेली मांडणी हे सगळे रेंजचे अडसर आहेत. मायक्रोवेव्ह ओव्हन तर त्याच २.४ च्या पट्ट्यात काम करतो, त्यामुळे तो चालू असेपर्यंत शेजारच्या वाय-फायला खोकला लागतो.

अडथळ्याचा उपयोगही होतो, हे सांगायला हवे. नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. ती तिथे उभारण्याचे एक कारण म्हणजे तो भाग रेडिओ-गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाला आहे. डोंगर लहर अडवतो म्हणून खगोलशास्त्रज्ञ खूश, भिंत लहर अडवते म्हणून आपण नाराज. गंमत अशी की वाय-फायच्या घडणीत रेडिओ खगोलशास्त्राचाही हात आहे. खोलीच्या भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींमुळे संदेशाचा गोंधळ होतो. त्यातून वाट काढणाऱ्या एका महत्त्वाच्या तंत्राचे पेटंट १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारी संशोधन संस्थेला मिळाले. जॉन ओ'सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या त्या कामाची मुळे कृष्णविवरांचे क्षीण संदेश शोधण्याच्या खटपटीत होती. आकाशातले शोधताना घरातले सापडले.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. वाय-फाय म्हणजे लाऊडस्पीकर नव्हे, ते संभाषण आहे. डबा फोनशी बोलतो, तसा फोनलाही डब्याशी बोलावे लागते, आणि फोनचा आवाज बारीक असतो. म्हणून 'आठ अँटेनांचा' दणदणीत डबा आणला, तरी मागच्या खोलीतल्या फोनचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचेलच असे नाही. नळ मोठा बसवून उपयोग नाही, अंतर कमी केले पाहिजे.

बिनपैशाचे उपाय

बँकेत कर्जाच्या प्रस्तावांची छाननी करण्यात माझी बरीच वर्षे गेली. विहिरीसाठी कर्ज मागणाऱ्याला आमचा पहिला प्रश्न असे, आहे त्या विहिरीतला गाळ काढला का? वाय-फायच्या बाबतीतही आधी गाळ काढावा.

पहिले काम मोजणीचे. घरातला एक फोन घेऊन प्रत्येक खोलीत, जिथे माणूस खरोखर बसतो त्या जागी उभे राहावे. नुसत्या दांड्या मोजू नयेत. सिग्नल आकड्यांत दाखवणारी साधने अँड्रॉइड फोनवर फुकट मिळतात. हे आकडे उणे असतात आणि शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे उत्तम. उणे ६७ च्या आसपास असेल तर व्हिडिओवरचा वर्ग नीट चालतो. उणे ८० म्हणजे टेलची चारी. हे आकडे कागदावर लिहून घ्यावेत. त्याच ठिकाणी वेगही तपासावा. डब्याशेजारी वेग चांगला आणि मागे वाईट असेल, तर दोष रेंजचा आहे. डब्याशेजारीही वाईट असेल, तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीचा आहे, आणि घरात कितीही डबे मांडले तरी तो जाणार नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक रेंज नाही म्हणून महागडा प्लॅन घेतात. हेडला पाणी वाढवले म्हणून फुटक्या चारीच्या टेलला ते पोचत नाही.

दुसरे काम डबा हलवण्याचे. तो शोकेसमधून बाहेर काढावा, डोक्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, मोकळ्या जागी ठेवावा. लोखंडी कपाटापासून, फ्रीजपासून, टीव्हीच्या पाठीपासून दूर ठेवावा. त्याची नजर दारांच्या रांगेत येईल असे पाहावे, कारण लहर उघड्या दारातून आनंदाने जाते. जुन्या वाड्यात दारे एका ओळीत असतात, त्याचा फायदा घ्यावा. अँटेना उभी असेल तर लहर चोहोबाजूंना, आडवी पसरते, मेदूवड्यासारखी. वड्याच्या भोकात, म्हणजे अँटेनाच्या नेमक्या वर आणि खाली, रेंज कमी असते. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर दोनपैकी एक अँटेना आडवी करून पाहावी.

हे सारे आपल्याला नवे नाही. टीव्हीच्या सुरुवातीच्या दिवसांत एक जण गच्चीवर अँटेना फिरवत असे, दुसरा जिन्यात आणि तिसरा टीव्हीसमोर. "आलं का?" "थोडं अजून!" "गेलं, गेलं, मागे घे!" सगळे घर रेंज शोधण्याच्या कामी लागलेले असे. डबा आपोआप चालतो म्हटल्यावर ती खटपट आपण सोडून दिली. रविवारचा एक तास पुन्हा तसाच घालवावा. एकाने डबा धरावा, दुसऱ्याने मागच्या खोलीतून आकडा ओरडावा.

तिसरे काम चॅनलचे. पेठेतल्या दाटीच्या गल्लीत प्रत्येक घरात डबा आहे आणि सगळे एकाच आवाजात बोलत आहेत. २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीनच चॅनल एकमेकांच्या पायात येत नाहीत. आसपास सर्वांत मोकळा कोणता ते पाहून तो निवडावा. त्याला पैसा लागत नाही, घरातला कॉलेजातला मुलगा किंवा मुलगी दहा मिनिटांत करून देते.

तारेला पर्याय नाही

हे सगळे करूनही मागच्या खोलीचा आकडा सुधारला नाही, तर पैशाचा विचार करावा. इथे बाजार आपल्याला उलट्या क्रमाने नेतो. दुकानात विचारले की पहिल्यांदा 'रिपीटर' पुढे येतो, नाही तर चमकदार खोक्यातला 'मेश' संच. माझ्या मते पहिला मान तारेचा.

मुख्य डब्यापासून मागच्या खोलीपर्यंत नेटवर्कची साधी केबल ओढावी. 'कॅट सिक्स' म्हणून मिळते, मीटरमागे साधारण वीसेक रुपयांच्या आसपास. वीस मीटर केबल आणि दोन टोके, चार-पाचशे रुपयांत काम होते. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. घेताना पूर्ण तांब्याची मागावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्तात मिळते, ती लवकर दगा देते. केबलच्या मागच्या टोकाला घरातला जुना राउटर लावावा. बऱ्याच घरांत तो कपाटावर धूळ खात पडलेला असतो. नसेल तर जुना-पुराणा काही शे रुपयांत मिळतो. त्याला 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून बसवायचे. त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद करायचे, नाव आणि पासवर्ड पुढच्या डब्याचेच द्यायचे आणि चॅनल तेवढा वेगळा ठेवायचा. काही डब्यांत यासाठी एक बटणच असते. झाले, मागच्या खोलीला स्वतःचे हेड मिळाले.

वाड्यातून केबल नेणे अवघड वाटते, पण वाड्याला तुळया असतात, झरोके असतात, माळा असतो. भिंत फोडायची गरज क्वचितच पडते. उंदरांची भीती असेल तर प्लास्टिकच्या पट्टीतून न्यावी, विजेच्या तारांबरोबर एकाच नळीत घालू नये. भाड्याच्या घरात चपटी केबल दाराच्या फटीतून, भिंतीच्या कडेने नेता येते आणि घर सोडताना गुंडाळून घेता येते. एकच सावधगिरी सांगतो. वस्तीवर राहणाऱ्यांनी घरापासून गोठ्यापर्यंत किंवा भावाच्या घरापर्यंत तांब्याची केबल उघड्या आभाळाखालून नेऊ नये. वळवाच्या विजा आपल्याकडे काय करतात हे ठाऊक आहे. दोन इमारतींच्या मध्ये फायबरच बरी.

रिपीटर हजार-दीड हजारापासून मिळतो आणि तार नेणे अशक्यच असेल तिथे त्याचा उपयोग आहे. पण तो लोक नेमका चुकीच्या ठिकाणी लावतात, मागच्या खोलीत, जिथे रेंज नाही. जे आपल्याकडेच आले नाही ते तो पुढे काय देणार? त्याची जागा अध्येमध्ये, जिथे अजून चांगला आकडा मिळतो तिथे. तरीही साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. अभ्यासाच्या व्हिडिओला निम्मा वेगही पुरतो, पण हे माहीत असून घ्यावा.

मेश म्हणजे एकमेकांशी संगनमत करून चालणारे दोन-तीन डबे. वस्तू चांगली आहे. माणूस घरात फिरला तरी धागा तुटत नाही. किंमत मात्र चार-पाच हजारांपासून पुढे. मोठा दुमजली बंगला असेल, घरात दोघे-तिघे घरून नोकरी करत असतील, तर जरूर घ्यावा, आणि तेव्हाही त्याचे डबे शक्य तर तारेने जोडावेत. पण तीन खोल्यांच्या घराने हप्त्यावर मेश घेणे म्हणजे दोन एकराला ट्रॅक्टर घेण्यासारखे आहे. अशा ट्रॅक्टरांची कर्जखाती मी पाहिलेली आहेत.

एका खर्चाची मात्र मी शिफारस करतो. आपल्याकडे वीज जाते. फायबरला त्याचे काही वाटत नाही, डब्याला वाटते. डब्यासाठी छोटा यूपीएस हजार-दीड हजारात मिळतो आणि काही तास पुरतो. परीक्षेचा अर्ज भरताना शेवटच्या पानावर वीज गेल्यावर काय होते, हे ज्याने भोगले त्याला ही किंमत जास्त वाटणार नाही. आणि जे घेऊ नये तेही सांगतो. फोनच्या पाठीला लावायचे 'रेंज वाढवणारे' स्टिकर शुद्ध फसवणूक आहेत. डब्यामागे लावलेला ॲल्युमिनियमचा कागद रेंज वाढवत नाही, फक्त एका बाजूची दुसरीकडे वळवतो. त्याने काम झाले तर झाले, त्याला पैसे देऊ नयेत.

मागच्या खोलीत कोण असते

इथवर तंत्राचे झाले. आता जे मला खरोखर बोलायचे आहे ते.

आपल्या घरांत पुढची खोली कोणाची असते? पाहुण्यांची, टीव्हीची, कर्त्या पुरुषाची. मागे कोण असते? स्वयंपाकघरात सून असते, ती दुपारी दोन तास शिवणकामाचे नमुने शोधते किंवा बचत गटाचे व्यवहार फोनवर पाहते. मागच्या अंधाऱ्या खोलीत आजी असते, तिचा नातू पुण्याला किंवा परदेशात असतो आणि संध्याकाळी पाच मिनिटे दिसतो. माळ्यावर किंवा मागच्या पडवीत मुलगी अभ्यास करते, कारण पुढे टीव्ही चालू असतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शाळा फोनमध्ये शिरली, तेव्हा कोणत्या मुलाला कोणती खोली मिळते याचा परिणाम त्याच्या शिक्षणावर होऊ लागला. शाळा पुन्हा उघडल्या, पण अर्ज, निकाल, सराव परीक्षा, शिकवण्या, मुलाखती हे बरेचसे फोनमध्येच राहिले. घरात ज्याला नेटची करमणूक म्हणून गरज आहे तो डब्याजवळ बसतो, आणि ज्याला भविष्य म्हणून गरज आहे तो डब्यापासून सर्वांत लांब. हे कोणी मुद्दाम केलेले नाही. तार जवळच्या खिडकीतून आली, एवढेच.

यावर दोन आक्षेप मी नेहमी ऐकतो. पहिला असा, की प्रत्येकाच्या फोनमध्ये आता नेट आहेच, वाय-फायचे एवढे कौतुक कशाला? एक तर जुन्या रुंद भिंतींच्या घरात टॉवरची रेंजही मागच्या खोलीत पोचत नाही. लहर ती लहर, भिंत ती भिंत. दुसरे म्हणजे फोनच्या नेटचे पैसे माणशी द्यावे लागतात आणि घरात सर्वांत लहान रिचार्ज कोणाच्या फोनवर असतो ते पाहावे. ज्याची कमाई दिसत नाही, त्याच्या. वाय-फायचे बिल घराचे असते, म्हणून त्याचा लाभही घराचा असावा.

दुसरा आक्षेप अधिक हळू आवाजात येतो. "मागच्या खोलीत रेंज नाही ते बरंच आहे, मुलं दार लावून काय बघतील सांगता येत नाही." काळजी खरी आहे, मी ती उडवून लावत नाही. फोनच्या नादी लागलेली मुले मीही पाहतो. पण हे वाक्य मुलाबद्दल जितक्या वेळा ऐकू येते, त्याहून जास्त वेळा मुलीबद्दल ऐकू येते. आणि भिंतीला शिस्तीचे काम देणे हा काही उपाय नव्हे. ज्याला पाहायचे आहे तो गच्चीवर जाऊन पाहतो. ज्याला शिकायचे आहे त्याचे मात्र नुकसान होते. रात्री अमुक वाजता डबा बंद होईल, जेवताना फोन बाजूला राहतील, असे नियम घराने बसून करावेत आणि ते थोरांनीही पाळावेत. बहुतेक डब्यांत वेळ लावून नेट बंद करण्याची सोय असते. पुढच्या खोलीसाठीही ती वापरायला हरकत नाही.

पाणीवाटपात 'टेल टू हेड' असे एक सूत्र आहे. पाळी सुटली की आधी शेवटच्या शेतकऱ्याला पाणी द्यायचे आणि मग एकेक दार वर सरकत हेडला यायचे. हेडवाल्याचे त्यात काहीच बुडत नाही, पाणी त्याच्या दारावरूनच जात असते. महाराष्ट्रात २००५ साली सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा झाला, पाणीवापर संस्थांना त्याने बळ दिले, तरी हे सूत्र प्रत्येक चारीवर पाळले जाते असे कोणी म्हणणार नाही. तिथे माणसे शेकडो असतात, भांडणे जुनी असतात, पाटकऱ्याचाही नाइलाज असतो. घरात मात्र माणसे चार-पाच आणि सगळी आपलीच. इथे तरी हे सूत्र पाळायला कोणाची परवानगी लागत नाही.

येत्या सुट्टीच्या दिवशी फोन घेऊन आपल्या घराच्या सर्वांत मागच्या खोलीत जावे, तिथे जो रोज बसतो त्याला विचारावे, "तुला इथे नेट मिळतं का?" उत्तर बहुधा हसून मिळेल, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसतो. मग आकडा पाहावा, कागदावर लिहावा आणि शोकेसमधला डबा बाहेर काढावा.